जावईबापूंचं स्टेशन

पेडगावचे परमेश्वरराव म्हणजे ताडकळसच्या कमलबाईंचे एकुलते एक जावई, आणि कमलबाईंचं म्हणणं असं की एकच दिला ही देवाची मेहरबानी. दुसरा असाच निघाला असता तर त्यांनी घरदार सोडून मठात जाऊन झाडलोट केली असती.

माणूस वाईट होता असं नाही. वाईट व्हायला थोडी अक्कल लागते. परमेश्वररावांना फक्त दिसायचं होतं. लग्नात दिसायचं, मयतीत दिसायचं, पुढाऱ्याच्या फोटोत कडेला का होईना, मान वाकडी करून दिसायचं. पायी चालणारा माणूस कुणाला दिसत नाही म्हणून त्यांनी गाडी घेतली. गाडीही कुणीतरी वापरून टाकलेली. आधीच्या मालकानं मागच्या काचेवर आपल्या पोराचं नाव चिकटवलं होतं. परमेश्वररावांनी ते खरवडून काढलं, तरी ऊन पडलं की ते नाव उमटायचंच. कमलबाईंची शाळा दुसरीत सुटलेली, पण तेवढं त्यांना वाचता यायचं. जावई आले की त्या मुद्दाम मोठ्यानं वाचायच्या आणि विचारायच्या, “हे कोण म्हणायचं, परमेश्वरराव? तुमच्याकडचं का?”

गाडीचा नंबर मात्र मिरवण्यासारखा होता. नऊशे नव्व्याण्णव. गाडीपेक्षा नंबरावरच त्यांचा जीव.

गाडीत रेडिओ होता, पण जुना. फोनमधलं गाणं त्याला कळायचं नाही. मग परमेश्वररावांनी परभणीहून एक डबी आणली. सिगारेट पेटवायच्या भोकात ती खुपसायची. फोनमधलं गाणं ती ब्लूटूथवरून ओढून घेणार, एका नंबरावर हवेत सोडणार, आणि रेडिओ त्याच नंबरावर लावला की गाणं गाडीत वाजणार. फोनवर कुणी बोललं तर तेही तसंच गाडीभर ऐकू येणार. हे कमलबाईंना समजावून सांगायला त्यांना अर्धी दुपार लागली. कमलबाईंना पहिल्या फटक्यातच कळलं होतं. उरलेला वेळ त्या जावयाच्या नाकाकडं बघत होत्या. बोलताना ते फुगायचं.

“डबीवर कोणताबी नंबर लावता येतो, मामी. म्या कोणता लावला, वळखा.”

“तुमच्या घरात माणसं किती हायेत, तेवढा लावला असंल.”

“न्हाई! नव्व्याण्णव पॉइंट नऊ. गाडीचा जो नंबर, तोच स्टेशनचा नंबर. बेरीज करा, नऊच येतेत. लय शुभ.”

कमलबाईंनी बेरीज केली नाही.

डबी एकावर एक फुकट होती. ती दुसरी त्यांनी मेव्हण्याला भेट दिली, आणि देताना अंगणात उभं राहून जणू ट्रॅक्टरच देतोय असं भाषण केलं. मेव्हणा म्हणजे नागनाथ, कमलबाईंचा मुलगा. दाजींचा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही. दाजींनी उद्या सांगितलं की विहिरीत तोंड घालून बस, तर हा विचारील, किती वेळ बसू? दाजींनी त्याच्या डबीवरही आपलाच नंबर लावून दिला. “दोन गाड्या मागंपुढं चालल्या की एकच स्टेशन पायजे. घराण्याची वट दिसती.” नागनाथ म्हणाला, “व्हय दाजी.”

तर ह्या दाजींनी नागनाथच्या लेकीसाठी, भक्तीसाठी, स्थळ आणलं होतं.

भक्ती परभणीला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. एक वर्ष उरलं होतं. स्थळासाठी म्हणून तिला घरी बोलावून घेतलं होतं. पोरीची अट एकच, वर्ष पुरं करीन आणि नोकरी करीन, मग पोरगा काळा असो का बुटका. ही अट तिनं बापाला सांगितली नव्हती, कारण बाप ती घेऊन दाजींकडं विचारायला गेला असता. तिनं आजीला सांगितली. शिकलेल्या माणसांविषयी कमलबाईंना फारसा आदर नव्हता, घरात आणि गावात त्यांनी ती ढिगानं बघितली होती. पण ही पोरगी मागच्या दिवाळीत शेजारणीच्या भाजलेल्या हाताला पट्टी करताना त्यांनी बघितली होती. हात थरथरला नाही, तोंड चाललं नाही. असं काम करणारं माणूस त्यांच्या घराण्यात त्यांच्यानंतर हेच एक. ते कुणाच्या चुलीपुढं नेऊन बसवायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

स्थळ देवगाव फाट्यावरून आत एका गावातलं. दिनकरराव म्हणून बडं प्रस्थ. बागायत, बंगला, वर एका पतसंस्थेचे चेअरमन. पोरगा जीवन, सेलूला खताचं दुकान चालवतो. “पोरगी शिकली तर आमाला आनंदच,” असा निरोप आला होता. निरोप परमेश्वररावांच्या तोंडून आला होता, म्हणून कमलबाई म्हणाल्या, “घर बघायला मी येणार. अन् सुपारी फोडायची का न्हाई, ते मी सांगणार.”

“मामी, घर बघायला बाया येत नसतेत,” परमेश्वरराव म्हणाले.

“आजवर न्हाई आल्या म्हणून तर तुमच्या घरी पोरगी दिली.”

मालन, कमलबाईंची लेक आणि परमेश्वररावांची बायको, सोयरीक जमणार म्हणून माहेरी आली होती. ती आत भावजयीबरोबर, म्हणजे भक्तीच्या आईबरोबर, पुरण वाटत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि परत फिरायला लागला.

दोन गाड्या निघाल्या. पुढं परमेश्वरराव आणि भावकीतल्या दोन पांढऱ्या टोप्या. मागं नागनाथ आणि त्याच्या शेजारी कमलबाई. देवगाव फाट्याला चहासाठी गाड्या शेजारी शेजारी लागल्या. परमेश्वरराव उतरले आणि नागनाथच्या काचेवर बोटानं टकटक केली.

“नागनाथ, तुझ्या गाडीतली डबी काढ बरं.”

“कामून? जळली का?” कमलबाई म्हणाल्या.

“काढू द्या तर, मामी. चमत्कार दावतो.”

नागनाथनं डबी उपसली. रेडिओत नुसती खरखर झाली, आणि मग त्या खरखरीतून एका बाईचा उंच आवाज आला. कुणाला तरी माघारी ये, माघारी ये म्हणून विनवत होती. तीच बाई परमेश्वररावांच्या गाडीतही विनवत होती.

“बघा! डबी तुमच्या हातात, अन् गाणं माझ्या फोनातलं! नंबर एक हाय ना. तुमची डबी काढली की माझं स्टेशन लागतंय. माझ्या गाडीच्या बाजूला कुणीबी येऊ द्या, त्याला माझंच ऐकावं लागतंय.”

“म्हंजे आतापर्यंत घरच्यांनाच तरास होता. आता शेजारची गाडीबी सुटणार न्हाई.”

चहावाला हसला. परमेश्वररावांनी ते कौतुक समजून घेतलं.

नागनाथ डबी परत खुपसायला लागला तर कमलबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली. “ऱ्हाऊ दे. तिच्या निळ्या दिव्यानं डोळे दुखायलेत.”

दिनकररावांच्या बंगल्याला बाहेरून फरशी लावली होती. फरशी न्हाणीघरात लावतात एवढं कमलबाईंना ठाऊक होतं, म्हणून त्यांना वाटलं बहुतेक उलटा बांधलाय. दिवाणखान्यात सोफा, सोफ्यावर दुकानातून आला तसा प्लास्टिकचा कागद, आणि त्या कागदावर पाहुणे घामानं चिकटून बसलेले. दिनकरराव तोंडभरून हसत होते. हसताना डोळे मात्र दुसरंच काहीतरी मोजत होते. जीवन पाया पडला. पोरगा धिप्पाड, चेहरा कोऱ्या पाटीसारखा. “काय करतोस बाळा?” विचारलं तर बापाकडं बघायचा, आणि मग बापच सांगायचा काय करतो ते.

पाणी आलं. कमलबाईंनी पेल्याला हात लावला नाही. सुपारी फुटायच्या आधी त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा रिवाज. पाणी प्यालं की तोंड बांधलं जातं, मग खोट दिसली तरी बोलता येत नाही.

“जुन्या वळणाच्या हायेत आमच्या मामी,” परमेश्वरराव दिनकररावांकडं बघून ओशाळं हसले. “आता कुठं ऱ्हायलंय असलं काय!”

“ऱ्हायलंय ना. मी ऱ्हायले ना अजून,” कमलबाई म्हणाल्या आणि घर बघायला उठल्या.

जीवनच्या आईनं घर दाखवलं. हे देवघर, हे स्वयंपाकघर, ही वरची खोली, ही सुनेची खोली. सुनेच्या खोलीत पलंग होता, आरसा होता, टेबल नव्हतं. मागच्या बाजूला गेल्यावर एक दार दिसलं. बाहेरून कुलूप. आतून पंख्याची घरघर.

“हे काय?”

“ते होय? बी-बियाणं ठिवतो तिथं.”

“बियाण्याला पंखा?”

“दमट होतंय ना, माय. बुरशी येती.” बाईनं पदर सारखा केला आणि पुढं चालायला लागली.

“अन् तुमचे सासरे? किशनराव ना? ते न्हाई दिसले.”

“ते धाकट्याकडं असतेत, जालन्याला.”

परत बैठकीत आल्यावर कमलबाईंनी चारचौघांत विचारलं, “पोरीचं एक वर्ष ऱ्हायलंय. ते पुरं करू द्याल? अन् नोकरी?”

“अहो, आमी का आडवं येतोय!” दिनकररावांनी दोन्ही हात पसरले. “शिकू दे. नोकरी करू दे. आमाला सून न्हाई, लेक पायजे.”

आमाला सून नाही लेक पायजे म्हणणारा सासरा कमलबाईंनी आजवर ज्या ज्या घरात बघितला होता, त्या त्या घरात लेकही सुखी नव्हती. पण हे कारण सांगून सोयरीक मोडता येत नाही. पुरुषांची मानपानाची बोलणी सुरू झाली. कमलबाई म्हणाल्या, “तुमचं चालू द्या. सुपारीच्या वक्ताला मला हाक मारा,” आणि बाहेर आल्या. नागनाथनं त्यांना गाडीत बसवलं, थंड हवा सुरू करून दिली आणि दाजींना काही लागलं तर म्हणून लगबगीनं आत पळाला.

दोन्ही गाड्या कडुनिंबाखाली खेटून उभ्या होत्या. कमलबाई घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. हवा थंड होती. रेडिओ मात्र खरखरत होता. तो बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यासाठी कुणाला हाक मारायची हे त्यांना मान्य नव्हतं. खरखरू दे म्हणाल्या.

तेवढ्यात परमेश्वरराव फोन हातात धरून बाहेर आले. शेजारच्या गाडीत बसले, गाडी सुरू केली, काचा वर केल्या. कमलबाई दिसल्या तसे काचेआडून हात जोडून हसले. आणि कमलबाईंच्या गाडीत, त्यांच्या गुडघ्याजवळच्या जाळीतून, खरखर एकदम बंद होऊन स्वच्छ आवाज आला.

“हां, परमेश्वरराव, म्या गच्चीवर आलो बगा. खाली बोलायला येईना.”

दिनकरराव. आत्ताच ऐकलेला आवाज, ओळखायला दिवा लावायची गरज नव्हती. कमलबाईंचा हात आपोआप पिशवीकडं गेला. डबी तिथंच होती, थंडगार, विझलेली. मग त्यांनी शेजारच्या काचेकडं बघितलं. परमेश्वररावांचे ओठ हलत होते. पण ते काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं. पलीकडून जे येत होतं तेवढंच डबी हवेत सोडत होती.

“तुमच्या सासूबाई लय चिकट हायेत हो. बियाण्याला पंखा कामून म्हणून विचारायल्या आमच्या हिला.”

परमेश्वररावांनी काचेआड हात उडवला. त्या हाताचा अर्थ कमलबाईंना बरोब्बर कळला. म्हातारीचं मनावर घेऊ नका.

“न्हाई, न्हाई. सुपारी आजच फुटली पायजे. उद्यावर गेली की बाई मोडता घालंल.”

ओठ हलले.

“शिक्षण? अहो, व्हय म्हणायला काय जातंय? हळद उतरली की कोण पाठवतंय! बाबाची कूस बदलावी लागती, नळी हाय, पाठीला जखमा झाल्यात. एक बाई ठिवली, ती पळाली. दुसरी आठवडाभर बी टिकली न्हाई. आमची ही म्हणती, माझ्यानं वास सहन होत न्हाई. तुमी लय भारी डोकं चालवलं बगा. मेव्हण्याची पोरगी नर्सिंगला हाय, घरातच आणा म्हणलात. आमच्या ध्यानात बी आलं नसतं.”

शेजारच्या काचेआड परमेश्वररावांचं नाक फुगलं. कौतुकानं फुगलं.

“विसरणार न्हाई. सुपारी फुटू द्या. पुढच्या बैठकीला संचालक म्हणून तुमचंच नाव घेतो. काचेवर लिहून घ्या खुशाल.”

परमेश्वररावांनी समोरच्या काचेकडं बघितलं. कुठं लिहायचं ते तिथंच ठरवत असावेत.

फोन बंद झाला, खरखर परत आली. परमेश्वरराव उतरले, सासूकडं बघून परत एकदा हात जोडले आणि सदऱ्याची घडी सारखी करत आत गेले.

कमलबाई जागच्या हलल्या नाहीत. जावयाला त्या आजवर फुगा समजत होत्या. फुग्याला माणूस हसतो, त्याच्यावर चिडत नाही. आता त्यांना आपलीच लाज वाटली, की ह्या माणसाच्या बाबतीत आपण कधी घाबरलोच नाही.

आत जाऊन चारचौघांत सगळं सांगून टाकावं, असं तोंडाशी आलं. पण मालन आठवली. मागं एकदा बारशात टॉवेल-टोपी द्यायला नागनाथ विसरला, तर ह्याच माणसानं दोन पंचम्या मालनला माहेरी धाडलं नव्हतं. ती रडली नाही, तक्रार केली नाही, फक्त वाळली. चारचौघांत ह्याचं नाक कापलं तर त्याचं रक्त मालनच्या घरात पडणार. नात वाचवायची तर लेक जाते, आणि लेक सांभाळायची तर नात. असल्या टोणग्यानं आपल्याला असल्या पेचात घालावं, ह्याचाच कमलबाईंना जास्त संताप आला.

“माय, चल, बोलावलंय,” नागनाथ दारातून म्हणाला.

बैठकीत पाटावर सुपारी, हळदकुंकू, बाजूला बत्ता. टोप्यांनी मान डोलावली. परमेश्वरराव दिनकररावांच्या अगदी शेजारी बसले होते, संचालकासारखे. बत्ता उचलायला दिनकररावांचा हात पुढं झाला.

“जरा थांबा,” कमलबाई म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत. “आमच्यात सगळं घर बघितल्याबिगर सुपारी फोडत नसतेत. एक खोली ऱ्हायली.”

“कोणती?” दिनकररावांचं हसू होतं तिथंच राहिलं, पण वाळलं.

“मागची. बियाण्याची.”

“अहो मामी, बियाणं काय बघायचं!” परमेश्वरराव म्हणाले.

“कुणब्याच्या घरी बियाणंच बघायचं असतं, परमेश्वरराव. सोफा काय, सगळीकडं असतोय.”

“चावी गड्याकडं हाय, तो बाजाराला गेलाय,” दिनकरराव म्हणाले. जीवनची आई दारातून आत सरकली. आणि मग, सकाळपासून ज्याच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं, तो नवरदेव उठून उभा राहिला आणि खिशात हात घातला.

“आबाला भेटायचंय व्हय? या की. चावी माझ्यापाशी हाय, दादा. दुपारचं म्या भरवलं ना आत्ता.”

बापानं पोराकडं असं बघितलं की दुसरा असता तर जागेवर विरघळला असता. पण ह्या पोराला ते बघणंही कळलं नाही. तो किल्ली वाजवत पुढं निघाला. कमलबाई त्याच्या मागं, आणि बाकीचे त्यांच्या मागं, कारण आता न जाणंही दिसलं असतं.

खोलीत लोखंडी पलंग होता. त्यावर किशनराव. अंगानं कधीकाळी भक्कम असलेला माणूस. आता चादरीखाली नुसता उंचवटा. वास असा की टोप्या उंबऱ्यावरच थांबल्या. कमलबाई आत गेल्या. म्हाताऱ्याचं तोंड एका बाजूला ओढलं होतं, डोळे मात्र शाबूत. त्या डोळ्यांनी त्यानं ह्या अनोळखी बाईकडं बघितलं आणि चादरीवरचा एक हात थोडा हलवला. कमलबाईंनी दोन्ही हात जोडले, मान वाकवली. त्या घरातला त्यांचा पहिला खरा नमस्कार तोच.

“राम राम, भाऊ. ताडकळसची हाय मी. तुमचं घर बघायला आले होते.”

मग त्या वळल्या.

“दिनकरराव, दुखणं कुणाच्याबी घरी येतंय. आमच्याबी घरी येऊन गेलं. सांगितलं असतं तर पोरीनं तिच्या मनानं काय ते ठरवलं असतं. कदाचित व्हय बी म्हणली असती, सांगता येत न्हाई, येडी हाय ती. पण तुमी बापाला बियाणं म्हणलात. उद्या माझ्या पोरीला काय म्हणाल?”

“गैरसमज व्हायलाय तुमचा...”

“अन् पाठीच्या जखमांना पंखा चालत न्हाई. शिकलेला माणूस ठिवा, रोज धुऊन पट्टी करणारा. फरशीपेक्षा स्वस्त पडंल.” त्यांनी पदर खोचला. “सुपारी ठिवा तशीच. नागनाथ, गाडी काढ.”

नागनाथनं सवयीनं दाजींकडं बघितलं. दाजी भिंतीकडं बघत होते. जन्मात पहिल्यांदा त्याला काय करायचं ते कुणी सांगेना, आणि म्हणून त्यानं आईचं ऐकलं.

कडुनिंबाखाली परमेश्वरराव धावत आले. “मामी, आईशप्पथ, मला काय ठाव न्हवतं! माझा बी इश्वासघात केला त्या माणसानं! मी तर भक्तीला माझी लेक समजून...”

कमलबाईंनी पिशवीतून डबी काढली आणि त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर, नऊशे नव्व्याण्णवच्या बरोबर वर, ठेवली.

“तुमचं स्टेशन लय साफ लागतंय, जावईबापू. ह्या झाडाखाली तर लयच.”

परमेश्वररावांनी डबीकडं बघितलं. मग नागनाथच्या गाडीकडं, तिच्यातून येणाऱ्या खरखरीकडं, दोन गाड्यांमधल्या हातभर जागेकडं. देवगाव फाट्यावर आपणच काय दाखवलं होतं ते त्यांना हळूहळू आठवलं. त्यांच्या डोक्यात काहीही हळूहळूच यायचं. नाक बसलं.

“नागनाथला काय सांगायचं न्हाई,” कमलबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “टोप्यांना न्हाई. मालनला तर न्हाईच, तिला तुमच्याच घरात ऱ्हायचंय. पंचमीला नागनाथ तिला न्यायला येईल. दिवाळीला येईल. तिचं मन होईल तवा येईल. तुमी आडवं यायचं न्हाई. आलात, तर मला गावभर बोलायला डबी लागत न्हाई, तुमाला ठाव हाय.”

“व्हय, मामी.”

“अन् काचेवर काय लिहायचं असंल तर ते आधीचं पोराचं नाव नीट खरवडा. दोन्ही मिसळून वाचल्या जाईल.”

ताडकळसला पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. मालन आणि भक्ती दारातच. मालनच्या हातात पेढ्यांचं ताट.

“फुटली का सुपारी?” तिनं नवऱ्याला विचारलं.

परमेश्वररावांनी सासूकडं बघितलं. कमलबाई चपला काढत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

“घर... घर बराबर न्हवतं,” ते म्हणाले.

एवढं रामायण करून ह्याच्या तोंडून निघालं काय, तर घर बराबर नव्हतं. कमलबाईंना ते जिभेवर आलेलं गिळावं लागलं, आणि एवढं कडू त्यांनी बऱ्याच दिवसांत गिळलं नव्हतं.

“आज्जी, काय झालं?” भक्तीनं विचारलं.

“काय व्हायचंय? उद्या सकाळच्या गाडीनं वसतिगृहात जा. वर्ष पुरं कर. कुणी आडवं आलं तर मला फोन कर, साधा, कानाला लावून.”

भक्ती आजीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग काही न विचारता आत जाऊन तिनं बॅग भरायला घेतली. तिच्यात हा एक गुण होता.

जेवायला पुरणाच्या पोळ्या होत्या. सुपारी फुटणार म्हणून मालननं दिवसभर केलेल्या. जावई पहिल्या पानावर. कमलबाई कधी वाढायला बसत नसत, ते काम सुनेचं. आज त्यांनी तुपाची वाटी स्वतःच्या हातात घेतली आणि परमेश्वररावांच्या समोर पाट ओढून बसल्या.

“घ्या.”

“बास, मामी.”

“असं कसं बास? आमच्या पोरीसाठी केवढे फिरलात. घ्या.” त्यांनी पोळी वाढली, वर तूप धरलं. “नागनाथ, दाजींना आग्रह कर. आपल्या घरात असा माणूस दुसरा न्हाई.”

“व्हय दाजी, घ्या की,” नागनाथ मनापासून म्हणाला.

परमेश्वररावांनी घास घेतला. तूप पोळीवरून ओघळून ताटाच्या कडेला आलं. “खरंच पुरे, मामी, पोटात जागा न्हाई,” ते म्हणाले, आणि आवाज असा आला की मालननं हातातली वेळणी खाली ठेवली. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागली. मग आईच्या. परत नवऱ्याच्या.

कमलबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी टोपलीतली पुढची पोळी उचलली, घडी उलगडली आणि जावयाच्या ताटात अलगद ठेवली.